रुमाल टाकलेली जागा

मुनीर,

तुझ्या अब्बांना मी खोटं सांगितलं. तुला सांगण्यासारखं बरंच आहे, पण हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं याच्याच पोटात आहे.

बेंबळीत पोचलो तेव्हा तुमच्या शिलाईच्या दुकानाचं शटर ओढलेलं होतं आणि माणसं जिथं सावली मिळेल तिथं बसली होती. तेरच्या कॉलेजातले तास संपवून मोटरसायकलवर परतताना तू उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलास, ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, एवढंच मला फोनवर समजलं होतं. अब्बा दुकानाच्या पायरीवर होते. मला बघून उठले. माझा हात दोन्ही हातांत धरला. आणि म्हणाले:

"सर, त्याचं ते गाईडचं काम झालं व्हतं का?"

त्यावर काय बोलायला हवं होतं, ते आता मला रोज सुचतं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की या माणसाचं सगळं गेलंय आणि हा एक प्रश्न तेवढा उरलाय. मी म्हणालो, झालं होतं, चाचा.

"कोन भेटलं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. चांगलं झालं म्हणाले, लई वर्सं फिरला त्याच्यापायी.

कब्रस्तानात मी मागंच उभा राहिलो होतो. तुमच्यातल्या रीती मला नीट माहीत नाहीत आणि पुढं जायला तोंडही नव्हतं. माणसं वाकून मूठमूठ माती देत होती. अब्बांनी मागं वळून पाहिलं. हळूच म्हणाले, "सरका जरा. सरांना येऊ द्या. त्याचे गाईड हायत." गर्दी दुभंगली. मी पुढं गेलो आणि माती दिली. तुझा गाईड म्हणून माझ्या हातून झालेलं हे एवढंच काम.

गाईड म्हणजे काय, हे तू अब्बांना कसं समजावलं होतंस, ते तूच मला रंगवून सांगितलं होतंस. पीएचडी करायची तर विद्यापीठानं मान्यता दिलेला प्राध्यापक लागतो. त्याच्याकडं जागा मोजक्या. तुम्ही प्रवेश परीक्षा पास व्हा, डोक्यात प्रश्न तयार ठेवा, जागा नसेल तर तुम्ही बाहेरच. अब्बांनी विचारलं, मग जागेवर बसलंय कोण? तू म्हणालास, कुणीच नाही अब्बा, खिडकीतनं रुमाल टाकलेत. ज्यांचे रुमाल ते अजून स्टँडवर चहा पितायत. अब्बा हसले म्हणे. मीही हसलो होतो. माझ्याकडच्या चार जागांवरही रुमालच होते, आणि ते कुणाचे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

तिघंजण निदान वर्षाकाठी काहीतरी लिहून आणायचे. चौथे बारस्कर सर. माझ्याच विभागातले, माझ्याहून मोठे. पदोन्नतीसाठी पीएचडी लागते म्हणून त्यांनी माझ्याकडं नाव नोंदवलं आणि त्यानंतर एक पानसुद्धा आणलं नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी महिनाभर माझे तास घेतले होते. त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचं नाव काढतो, जागा एका पोराला द्यायचीय? विद्यापीठाला चार ओळी लिहिल्या असत्या तर काम होत होतं. तसे नियम आहेत. मी वाट बघत राहिलो, की ते स्वतःच बोलतील. आणि तुला दरवर्षी सांगत राहिलो, बारस्कर सरांची जागा यंदा सुटतेय.

तू पहिल्यांदा धाराशिवला माझ्या घरी आलास तो गुरुवार होता. एम.एस्सी. होऊन तुला वर्ष झालं होतं. हातात कापडाची पिशवी. मला वाटलं, आमच्या हिच्यासाठी, म्हणजे तुझ्या काकूसाठी ब्लाउजपीस वगैरे आणलंय की काय, आणि मी नको नको म्हणायच्या तयारीत होतो. तू पिशवी टेबलावर उलटी केलीस. त्यातून एकाच आकाराचे कितीतरी तुकडे पडले, जाड अस्तराचे, एका बाजूला खाच आणि एका बाजूला शेपटी असलेले. अब्बा कापड बेतताना चिंधी कमी उरावी म्हणून तुकडे फिरवून फिरवून मांडतात, ते लहानपणापासून बघत आलो, म्हणालास. आणि मग तुझा प्रश्न सांगितलास.

एक तुकडा मध्ये ठेवायचा. त्याच आकाराच्या तुकड्यांनी त्याला फट न ठेवता वेढायचं. जमलं, तर त्या वेढ्याभोवती दुसरा वेढा. काही आकार कायम जमत जातात, सगळी जमीन झाकून टाकतात. काही पहिल्याच वेढ्याला हरतात. पण काही आकार फसवे असतात. एक वेढा बसतो, दुसरा बसतो, वाटतं हे असंच जाणार, आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यात अशी फट राहते की काही केल्या बुजत नाही. हे कधी होणार ते आधी कसं ओळखायचं?

मी म्हणालो, मांडून बघितल्याशिवाय कसं कळेल? तू म्हणालास, सर, पहिल्या तुकड्याच्या कडेतच ते असणार. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी तुझी प्रत्येक सिद्धता फोडायचो. तू पुढच्या गुरुवारी दुसरी आणायचास. काकू चहा ठेवून जायची आणि तो गार व्हायचा. खरं सांगायचं तर गणित करणं म्हणजे काय, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं, पन्नाशी जवळ आल्यावर. माझा विषय मी निवडला नव्हता. माझ्या गाईडांकडं स्थिरबिंदूंच्या प्रमेयांवर काम चालायचं आणि तिथं एक जागा होती, म्हणून मी त्यात. प्रबंध बांधून आला, पदवी मिळाली, पगार वाढला. त्यानंतर तो प्रबंध मी एकदाही उघडलेला नाही. तुझ्या चिंध्यांनी मला पुन्हा विद्यार्थी केलं. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, टोमणे मारायची होती.

माझ्याकडची जागा सुटेपर्यंत तू गप्प बसला नाहीस. विद्यापीठाच्या गावी जाऊन गाईड शोधलेस. त्यातल्या एकांची गोष्ट तू इतक्या वेळा सांगितलीस की काकूलाही पाठ झाली होती. ते अंगणात गाडी धुऊन घेत होते. तुला म्हणाले, सांगा काय विषय. तू पाण्याच्या पाइपाच्या आवाजावर ओरडून वेढे, खाचा, शेपट्या सगळं सांगितलंस. त्यांनी खरंच लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, छान आहे, पण माझ्याकडं सगळे स्थिरबिंदूवर करतात, तुम्हीही तेच करा, अडीच वर्षांत मोकळे व्हाल. तू विचारलंस, आणि माझा प्रश्न? ते म्हणाले, तो छंद म्हणून ठेवा.

मला वाटलं होतं, तू ती जागा घेशील. मी सांगितलंही. आपलं दुसरं भांडण तिथून सुरू झालं.

मी म्हणालो, "आधी बसून घे. जागा मिळाली की मग बघता येतं."

"सर, बस सोलापूरची आन् मला जायचंय नांदेडला. बसून काय करू?"

"उभं राहून तरी काय करतोयस?"

"उतरायचं सोपं पडतं," तू म्हणालास.

मला त्या वेळी राग आला होता. तू मला बसून घेतलेला माणूस म्हणालास असं वाटलं. बरोबरच होतं ते, म्हणून राग आला.

आता ते लिहितो, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका गुरुवारी तू मोबाइल पुढं धरलास. दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या बाईंचं उत्तर आलं होतं. तुझ्या प्रश्नासारख्याच प्रश्नांवर काम करणाऱ्या. तू त्यांना न विचारता, न ओळखता, तुझं टिपण पाठवलं होतंस. त्यांनी ते पूर्ण वाचलं होतं, दुसऱ्या पानावरची चूक दाखवली होती, आणि खाली लिहिलं होतं की आमच्याकडं मुलाखती आहेत, जरूर या. तुझा चेहरा मला अजून दिसतो. चूक सापडल्याचा तुला आनंद झाला होता. कुणीतरी चूक सापडेपर्यंत वाचलं म्हणून.

तू विचारलंस, काय करू?

मला काय वाटलं ते तुला कधी कळू दिलं नाही. मला वाटलं, गुरुवार गेले. त्याच्याही आधी तुझ्यासाठी आनंद वाटायला हवा होता, तो वाटलाच नाही. मग मी शहाण्या माणसाच्या आवाजात बोलायला लागलो. एवढ्या लांब, भाषा वेगळी, अब्बांचे डोळे आता सुईत दोरा ओवायलाही साथ देत नाहीत, दुकान कोण बघणार. मुलाखतीला बोलावलंय, घेतलंय असं नाही. आणि इथं बारस्कर सरांची जागा आता सुटतच आली आहे. मी स्वतः तुझा प्रश्न घेईन. माझा विषय नसला तरी घेईन. एवढी वर्षं थांबलास, थोडं थांब.

जागेचं सोडलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज बोलता आलं.

तू मोबाइल खिशात ठेवलास. म्हणालास, बघतो. मुलाखतीच्या दिवशी तू तेरला बारावीच्या वर्गाला तास घेत होतास.

काकूला सगळं समजलं होतं. तू गेल्यावर भांडी आवरता आवरता तिनं विचारलं, "पोरगं तुमच्याकडं शिकायला येतं का तुम्हाला सोबत करायला?" मी तिला म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं. तुझी बातमी आली तेव्हा ती टेबलावर पडलेले तुझे तुकडे आवरायला निघाली होती, तिला मी हात धरून थांबवलं. ते अजून तसेच आहेत. दोन वेढे पूर्ण आहेत, तिसऱ्यात फट आहे.

शेवटच्या गुरुवारी तू उशिरा आलास. दमलेला होतास. तासिका तत्त्वावरच्या माणसाला दोन गावांत धावून जे मिळतं त्यात पेट्रोलच जातं, असं काहीतरी हसत बोललास. मी नेहमीचं वाक्य काढलं, यंदा बारस्करांची जागा. तू हातानंच मला थांबवलंस.

"सर, ऱ्हाऊ द्या. ती जागा सुटत नाही, मला माहितीय."

"मग येतोस कशाला इथं?"

तू तुकडा फिरवत होतास. वर न बघता म्हणालास, "मी न्हाय आलो तर तुमच्याकडं दुसरं कोण येतंय, सर?"

मी हसलो. तूही हसलास. आपल्यातला टोमणा होता तो. काकू आतून म्हणाली, खरंय बाबा तुझं. आणि आपण तिसऱ्या वेढ्याकडं वळलो.

आता मी ते वाक्य सारखं मांडून बघतो. टोमणाच असेल. पण टोमणा नसेल तर? तर त्याचा अर्थ असा होतो, की श्रावणातल्या त्या गुरुवारी मी काय करत होतो, ते तुला तेव्हाच दिसलं होतं. माझ्या शहाण्या आवाजाच्या मागचा एकटा माणूस तुला दिसला, आणि तू त्याच्यासाठी थांबलास. मी बारस्करांची भीड धरली, आणि तू माझी. मला तुला विचारता आलं असतं. माझ्याकडं नंतर कितीतरी गुरुवार होते. उत्तर काय येईल या भीतीनं मी विचारलं नाही, आणि आता भीती गेली तर विचारायला तू नाहीस.

तुला वाटत असेल, इथं संपलं. नाही संपलेलं.

परवा अब्बांचा फोन आला. आवाज खालचा, दुकानात कुणी असावं. म्हणाले, "सर, त्याच्या नावाचा कागद आला असंल ना विद्यापीठातनं? एक झेरॉक्स द्या. दुकानात लावावा म्हनतो. त्याची अम्मी रोज इचारती." मी म्हणालो, बघतो चाचा. तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, की मोबाइल खिशात ठेवताना तू हेच म्हणाला होतास.

फोन ठेवला आणि मला वेड्यासारखं वाटायला लागलं, की निदान जागा तरी मोकळी करावी. कशासाठी ते विचारू नकोस. अब्बांना जे सांगितलं त्यातलं निदान थोडं खरं व्हावं, असं काहीतरी असेल. मी बारस्कर सरांना फोन लावला. एवढी वर्षं जे वाक्य घशात अडकलं होतं ते एका दमात बोललो. सर, माफ करा, पण तुमचं नाव माझ्याकडून काढतोय.

पलीकडं ते मोकळं हसले.

"काढा की, सर. मी तर ते कवाच सोडून दिलंय. आता रिटायरमेंट आली, पीएचडी घेऊन काय करू? तुम्ही एवढ्या भरवशानं जागा धरून ठेवली, म्हणून सांगायला धीर होत नव्हता. तुम्हाला वाईट वाटंल."

मी विचारलं, कधीपासून.

त्यांनी आठवून सांगितलं. मुलीचं लग्न झालं तेव्हापासून. त्या लग्नाला तू आणि मी एकाच मोटरसायकलवर येरमाळ्याला गेलो होतो, मुनीर. जाताना वाटेत तू मुलाखतीला न गेल्याबद्दल पहिल्यांदा आणि शेवटचं बोललास, की एखादे वेळी पुढच्या वर्षी पुन्हा लिहून बघेन त्या बाईंना. मी मागं बसून म्हणालो होतो, कशाला, बारस्कर आज भेटतीलच, मी विषय काढतो. मांडवात ते भेटले. त्यांनी आपल्या दोघांना हाताला धरून जेवायला बसवलं. बुंदी आग्रहानं वाढली. मी विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. तू आमच्या मध्ये बसून जेवत होतास. रुमाल उचलून बघितला असता तर खाली कुणीच नव्हतं.

तेव्हा जागा आहे आता. विद्यापीठाला ओळी लिहून झाल्या, मंजुरीही येईल. कुणीतरी येऊन बसेल, आणि त्याला मी काय शिकवणार ते मला माहीत नाही. तुझ्या त्या बाईंनाही लिहायला हवं, की तुमच्याकडं टिपण पाठवलेला मुलगा आता येणार नाही. त्यांना तो आठवत असेल का, कोण जाणे. दुसऱ्या पानावरची चूक तू दुरुस्त केली होतीस, हे मात्र त्यांना कळवेन. मी तपासली आहे. आता ती ओळ बरोबर आहे.

तुझं म्हणणंही बरोबर होतं, असं हल्ली वाटतं. फट तिसऱ्या वेढ्यात दिसते, पण ती पहिल्या तुकड्याच्या कडेतच असते. तुझ्यासमोर हे मान्य केलं असतं तर तू आठवडाभर मला चिडवलं असतंस.

येत्या गुरुवारी बेंबळीला जातोय. बसनं जाईन. कागद नाही, हे अब्बांना सांगणार आहे. ते ओरडणार नाहीत, तुझ्या घरात कुणी ओरडत नाही. खुर्ची पुसून देतील, चहा सांगतील, आणि मग विचारतील, की मग सर, तुमी त्याचे कोन व्हता?

रस्ताभर मी त्याचं उत्तर मांडून बघेन. बसणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय.